दुखणे पुन्हा उचल खाते तेव्हा

ज्याचे सांधे एकदा सुजून धरले आणि औषधोपचाराने पुन्हा मोकळे झाले, त्या माणसाच्या पुढील आयुष्यात साधी सांधेदुखी म्हणून काही उरत नाही. एरवी लग्नघरी दोन दिवस राबून मनगट दुखू लागले, तर माणसे तेल चोळतात, रात्री शेक घेतात आणि तिसऱ्या दिवशी ते मनगट विसरून जातात. परंतु ज्या गृहिणीला पूर्वी कधी महिनोन् महिने सकाळी नळाची तोटी फिरविण्यासाठी धाकट्या मुलाला हाक मारावी लागली होती, जिला भाकरीचे पीठ मळता येत नव्हते आणि वेणी घालून घेण्यासाठी जावेकडे पाठ करून बसावे लागत होते, तिचे तेच मनगट दुखले की मनात पहिली शंका उभी राहते ती ‘ते परत आले की काय’ हीच. ही शंका ती घरात बोलून दाखवीत नाही. पहाटे अंथरुणातच ती बोटे मिटून उघडून पाहते, बांगडी हातावर चढते का हे अजमावते, आणि डब्याच्या तळाशी राहिलेली जुन्या गोळ्यांची पट्टी काढून तिची मुदत टळली आहे काय, हे चष्मा लावून वाचू लागते.

या भयाला आधार आहे, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. ‘तुम्ही उगाच मनाला लावून घेता’ असे म्हणणाऱ्या नातलगांचा हेतू चांगला असला, तरी सांध्यांच्या दाहाचे हे विकार पुन्हा उचल खातात ही गोष्ट खरी आहे. मात्र जितक्या वेळा सांधे दुखतात तितक्या वेळा रोगच परतलेला असतो, असे मुळीच नाही. आणि हे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची साधने फार गूढ किंवा केवळ तज्ज्ञांच्याच मक्त्याची नाहीत. ती ठाऊक नसल्यामुळे एकीकडे भरमसाट तपासण्या, दुसरीकडे चोरून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि तिसरीकडे खऱ्या रोगाकडे झालेले दुर्लक्ष असा तिहेरी तोटा रुग्णाच्या पदरी पडतो.

आपल्या बोलण्यात ‘संधिवात’ हा शब्द सरसकट वापरला जातो, आणि त्यात निदान दोन अगदी निराळी दुखणी एकत्र येतात. एक वयोमानाने आणि वापराने सांध्यातील कूर्चा झिजल्याचे, जे बहुधा गुडघ्यांत आणि बोटांच्या टोकाच्या पेरांत दिसते. आणि दुसरे, ज्यात शरीराची रक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांतील अस्तरावर उलटते, ते अस्तर सुजून जाड होते, सांध्यात पाणी भरते आणि दुर्लक्ष झाले तर ते वाढलेले अस्तर हाडाची कड हळूहळू कुरतडू लागते. या दुसऱ्या वर्गात अनेक रोग मोडतात, पण त्यांतील प्रमुख म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. मराठीत त्याला आमवात म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमवाताचे स्वतंत्र प्रकरण ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात आहे, आणि हातपाय, घोटे, गुडघे यांच्या सांध्यांत सूज येऊन विंचवाने डंख मारावा तशी वेदना होते, हे त्यातील वर्णन वाचताना आजच्या रुग्णालाही ते ओळखीचे वाटेल. अर्थात त्या ग्रंथातील आमवात आणि आजचा रोग तंतोतंत एकच, असा दावा करणे धाडसाचे होईल. पाश्चात्त्य वैद्यकात इ. स. १८०० मध्ये पॅरिसच्या लांद्रे-बोव्हे या तरुण वैद्याने आपल्या प्रबंधात काही स्त्रियांच्या सांध्यांचा विकार वेगळा म्हणून वर्णिला, आणि आज रूढ असलेले नाव १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड याने दिले.

हा रोग किती जणांना होतो, याचे उत्तर शोधण्याचे एक महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झालेले आहे. पुणे–सोलापूर रस्त्यावरचे, उजनीच्या फुगवट्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ठाऊक असलेले भिगवण हे गाव पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली निवडले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने चाललेल्या एका आंतरराष्ट्रीय योजनेखाली तेथे घरोघर जाऊन प्रौढ माणसांच्या सांधेदुखीची मोजदाद केली. आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. झिजेची सांधेदुखी त्याच्या कित्येक पट, आणि ज्यांना कोणत्याच रोगाचे नाव देता येत नाही अशी कष्टाची, ताणाची, स्नायूंची दुखणी तर पुष्कळच. अर्धा टक्का हे प्रमाण अल्प वाटेल, पण दोनशे प्रौढांमागे एक असा त्याचा अर्थ होतो आणि एका मध्यम आकाराच्या गावातही असे कित्येक संसार निघतील. पुन्हा त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटी-तिपटीने अधिक असते, आणि रोग सुरू होण्याचे वय म्हणजे संसाराच्या ऐन भराचे वय.

औषधांनी सूज उतरली, रक्ताचे आकडे खाली आले, रुग्ण पुन्हा कामाला लागला, म्हणजे रोग गेला काय? कोर्टकचेऱ्यांशी संबंध आलेल्या वाचकाला हे एका वाक्यात सांगता येईल: दावा निकालात निघालेला नसतो, तो तहकूब झालेला असतो. वैद्यकात या अवस्थेला उपशम म्हणता येईल. तिची व्याख्याही काटेकोर आहे. सुजलेला सांधा एकाहून अधिक नसावा, दाबल्यावर दुखणारा सांधाही एकाहून अधिक नसावा, रक्तातील दाहाचे द्रव्य मर्यादेत असावे, आणि आपल्या दुखण्याला दहापैकी गुण देण्यास सांगितले असता रुग्णाने ते अगदी तुटपुंजे द्यावेत. या शेवटच्या अटीमुळे रुग्णाची स्वतःची कैफियतही दफ्तरात दाखल होते, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते.

उपशम आणि निर्मूलन यांतील हे अंतर वैद्यकाने फार नाट्यमय रीतीने शिकून घेतले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचा वैद्य होता. कावीळ झाली की किंवा स्त्री गरोदर राहिली की आमवाताच्या कित्येक रुग्णांचे सांधे काही काळापुरते आपोआप मोकळे होतात, हे त्याच्या नजरेस आले होते, आणि शरीरातच कोणतेतरी शामक द्रव्य तयार होत असले पाहिजे, असा तर्क त्याने बांधला होता. त्याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल याने मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीपासून काही द्रव्ये वेगळी केली होती. २१ सप्टेंबर १९४८ रोजी, जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला त्यांपैकी एका द्रव्याची सुई टोचण्यात आली. दोन-तीन दिवसांतच तिचे सांधे सैल झाले, आणि आठवड्याच्या आत ती चालत बाजारहाटाला बाहेर पडली. तेच द्रव्य पुढे कॉर्टिझोन म्हणून जगविख्यात झाले, आणि १९५० साली हेंच, केंडॉल व स्वित्झर्लंडचा राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. वर्तमानपत्रांनी आमवात जिंकल्याच्या द्वाही फिरविल्या. पण औषध थांबविले की रोग पूर्वीच्याच जोमाने परत येई, आणि ते चालूच ठेवले तर चेहरा गोल होऊन सुजे, हाडे ठिसूळ होत, रक्तदाब व साखर वाढे, मनाचा तोल ढळे. हेंच हा स्वतः सावध माणूस होता. आपण उपाय शोधला असे तो म्हणत नसे. त्याच्या रुग्णांना मात्र सुईच्या चार दिवसांत लाभलेले सुख आणि सुई बंद झाल्यावर परतलेले दुःख, दोन्ही पाहावे लागले.

त्यापेक्षा कितीतरी संथ, पण अखेरीस अधिक भरवशाचे औषध निराळ्याच वाटेने आले, आणि त्या वाटेवर एक भारतीय नाव आहे. आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन करीत असताना त्यांच्या हाताखालील मंडळींनी फॉलिक आम्लाच्या कार्याला अडथळा करणारी द्रव्ये घडविली. ती मुळात रक्ताच्या कर्करोगावर वापरण्यासाठी होती. सुब्बाराव १९४८ मध्येच वारले. त्या द्रव्यांपैकी मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाच्या मानाने अगदी अल्प मात्रेत, आणि तेही आठवड्यातून एकदाच दिले असता आमवात काबूत राहतो, हे प्रस्थापित व्हायला पुढे चार दशके लागली. अमेरिकेत या कामासाठी त्याला रीतसर परवानगी मिळाली ती १९८८ साली. आज तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानातही ही लहानशी पिवळी गोळी मिळते. तिने हाताची बोटे वाकडी होण्यापासून वाचविलेल्या माणसांची गणती करणे अशक्य आहे.

अशा औषधांवर वर्ष-दोन वर्षे पूर्ण उपशम टिकला की रुग्णाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, आता ही गोळी किती दिवस? जर्मनीत या प्रश्नाची रीतसर परीक्षा झाली आहे. उपशमात असलेल्या रुग्णांचे तीन गट करण्यात आले. ज्यांचे औषध पूर्ववत चालू ठेवले, त्यांतही वर्षभरात पाच-सहा जणांमागे एकाचा रोग उलटला. ज्यांची मात्रा निम्मी केली, त्यांत सुमारे चाळीस टक्क्यांचा. आणि ज्यांचे प्रथम कमी करून मग अजिबात थांबविले, त्यांत निम्म्याहून अधिक जणांचा. या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. ‘औषध सोडले की रोग येणारच’ हे त्यांवरून खरे ठरत नाही, कारण निम्म्याच्या जवळपास माणसे वर्षभर निभावून गेली. परंतु आपण कोणत्या निम्म्यात मोडतो हे आधी सांगण्याची खात्रीची युक्ती आज कोणाकडेही नाही. म्हणूनच मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांच्या नजरेखाली, टप्प्याटप्प्याने, आणि उलटल्यास ताबडतोब पूर्वपदावर आणण्याच्या तयारीनेच. आपल्याकडे औषध बंद होते ते बहुधा निराळ्या रीतीने: दिवाळीला गावी जाताना पट्टी संपते, सांधे तर दुखत नाहीत, मग दुकानदाराकडे जायचा कंटाळा होतो, आणि होळीपर्यंत मनगट पुन्हा फुगते.

आता मूळ शंकेकडे वळू. मनगट दुखते आहे. हा रोगाचा उठाव आहे की नुसते दुखणे?

पहिली साक्ष घड्याळाची. झिजलेला किंवा शिणलेला सांधा सकाळी थोडा आखडतो, पण पाच-दहा मिनिटे, फार तर अर्धा तास हालचाल केली की सुटतो आणि दिवसभराच्या वापराने संध्याकाळी अधिक दुखतो. दाहाचा सांधा याच्या उलट वागतो. तो रात्रीच्या विश्रांतीने बिघडतो, सकाळी तास-दीड तास धरलेला राहतो, गरम पाण्यात हात बुडवून बसल्यावर थोडा सैलावतो, आणि दुपारपर्यंत त्यातल्या त्यात बरा असतो. डॉक्टर ‘सकाळी किती वेळ आखडते’ हा प्रश्न दर भेटीत विचारतात, त्याचे कारण हे. ‘बराच वेळ’ हे त्याचे उत्तर नव्हे; उठल्याची वेळ आणि हात पूर्ण मिटता आल्याची वेळ या दोन्ही घरी एका वहीत टिपून ठेवल्या, तर ते टिपण महागड्या तपासणीच्या बरोबरीचे ठरते.

दुसरी साक्ष सुजेची. अनुभवी सांधेतज्ज्ञाचा हात पाहण्यासारखा असतो. तो रुग्णाचा हात आपल्या हातावर पालथा ठेवून घेतो, प्रत्येक पेराच्या दोन बाजूंना अंगठा व तर्जनी लावतो आणि स्वतःचे नख पांढरे पडेल इतकाच दाब देतो. एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूच्या बोटाला जाणवला, म्हणजे आत पाणी किंवा सुजलेले अस्तर आहे, हे तो जाणतो. हाडाची गाठ कठीण लागते, दाहाची सूज मऊ लागते. मग तो बोटांच्या मुळाशी असलेली गाठींची ओळ आडवी धरून हलकेच आवळतो. हस्तांदोलनासारखी ही साधी क्रिया, पण रोग जागा असेल तर रुग्ण हात मागे ओढतो. खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि हातांच्या बोटांच्या मुळांचे व मधले सांधे असे एकंदर २८ सांधे मोजण्याची पद्धत जगभर रूढ आहे. गंमत अशी की या मोजणीत पावलांना स्थान नाही, आणि कित्येकांचा रोग तर प्रथम पावलातच उठतो. सकाळी जमिनीवर पाय टेकताना खड्यांवर चालल्यासारखे वाटते, अशी तक्रार असेल तर चपला काढून पाय दाखविण्यात रुग्णाने संकोच करू नये.

तिसरी गोष्ट अशी की दाहाचा उठाव बहुधा एकट्या सांध्यापुरता थांबत नाही. थकवा येतो, भूक मंदावते, अंगात कणकण राहते, दोन्ही हात बरोबरीने धरतात. शिवाय पूर्वी ज्या सांध्यांत रोग होता, त्याच सांध्यांत तो पुन्हा प्रकट होण्याची प्रवृत्ती अलीकडच्या संशोधनात दिसून आली आहे; सूज पूर्ण ओसरल्यावरही त्या सांध्यात काही पेशी मागे राहतात आणि पुढच्या वेळी त्या लवकर चेततात. जुन्या रुग्णाने आपले ‘नेहमीचे’ सांधे ओळखून असावे, ते यासाठी.

आणखी एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी आमवाताच्या एका रुग्णाला घरच्या घरी दर आठवड्याला बोटाला टोचून रक्ताचे थोडे थेंब पाठवायला सांगितले, आणि हे चार वर्षे चालले. उठाव झाल्यावर मागे वळून ते नमुने तपासले, तेव्हा असे आढळले की सांधे दुखू लागण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी रक्तातील एका जातीच्या पेशी जाग्या झाल्या होत्या, आणि शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याच एका जातीच्या पेशी रक्तात वाढून, ऐन उठावाच्या वेळी तेथून नाहीशा झाल्या होत्या; त्या सांध्यांकडे गेल्या असाव्यात, असा संशोधकांचा कयास. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दवाखान्यात अशी आगाऊ सूचना देणारी तपासणी अद्याप मिळत नाही, पण ‘मला चार दिवस आधीच अंगात जड जड वाटत होते’ असे सांगणाऱ्या रुग्णाला हसण्याचे कारण आता उरलेले नाही.

मग दाहाचे सोंग आणणारी दुखणी कोणती? महाराष्ट्राला त्यांतील एकाची ओळख चांगलीच आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा रोग देशातून जणू नाहीसा झाला, आणि २००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र असा तो पुन्हा पसरला. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप पाच-सात दिवसांत उतरतो, पण सांधे कित्येकांचे महिनोन् महिने धरलेले राहतात. तेच मनगट, तीच बोटे, तेच घोटे, सकाळचा तोच आखडलेपणा. आधीपासून आमवात असलेल्या माणसाला पावसाळ्यात असा ताप येऊन गेला, म्हणजे आताचे दुखणे डासाचे की जुन्या रोगाचे हे कागदोपत्री ठरविणे डॉक्टरांनाही जड जाते. अशा वेळी तापाची तारीख, अंगावर पुरळ होते काय, घरात आणखी कोणाला तसा ताप आला काय, हा तपशील निर्णायक ठरतो.

याखेरीज वय वाढले की आमवाताच्या रुग्णालाही सर्वांप्रमाणे गुडघ्याची झीज होतेच. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रोगाची धास्ती बाळगून साठीचा गुडघा पाहिला, तर तो नाहक आरोपी ठरतो. झोप मोडलेली, मन खचलेले, सर्वांग दुखते पण सूज कोठेच नाही, अशीही एक अवस्था असते. तिच्यावर आमवाताची औषधे वाढवून उपयोग होत नाही, झोप आणि व्यायाम यांकडे लक्ष द्यावे लागते. आणि एक प्रकार असा आहे की ज्यात विचार करीत बसायला अवधीच नसतो: अचानक एकच सांधा लालबुंद, गरम, हलविता न येण्याइतका दुखू लागला आणि सोबत थंडीताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग झाला असण्याचा संभव आहे. रोगप्रतिकार दडपणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रक्ततपासण्यांबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण भयग्रस्त माणूस प्रथम पॅथॉलॉजीच्या दुकानाकडे धाव घेतो. दाह दाखविणारा ई.एस.आर. हा आकडा वयाने, रक्तक्षयाने, साध्या संसर्गानेही चढतो. आपल्याकडे रक्तक्षय असलेल्या स्त्रियांची संख्या पाहता केवळ त्याच्यावर विसंबणे धोक्याचे. दाहाचाच दुसरा आकडा सी.आर.पी. त्या मानाने लवकर चढतो व लवकर उतरतो, म्हणून तो अधिक उपयोगी. ‘आर. ए. टेस्ट’ म्हणून जी ओळखली जाते, ती निदानाच्या वेळी एकदा पाहावयाची. काही निरोगी माणसांतही ती होकारार्थी येते, काही खऱ्या रुग्णांत नकारार्थी येते, आणि तिचा आकडा दर तीन महिन्यांनी मोजून रोग वाढला की घटला हे कळत नाही. ए.एस.ओ. या तपासणीचा तर प्रौढांच्या सांधेदुखीशी बहुधा काहीच संबंध नसतो; ती घशाच्या एका जंतुसंसर्गाची खूण आहे, पण तिच्या नावावर वर्षानुवर्षे पेनिसिलिनच्या सुया घेणारी माणसे आढळतात.

हवामानाचा प्रश्न निघाला नाही, अशी सांधेदुखीची बैठक नसते. आभाळ भरून आले की सांधे दुखतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की तो खोटा म्हणवत नाही. मात्र संशोधनात त्याला एकमुखी पुष्टी मिळालेली नाही, आणि दमट हवेने दुखणे वाढले तरी सांध्याची हानी वाढते असे नाही. आहाराच्या बाबतीत लोकांचा कायदा अधिक कडक आहे: दही नको, लिंबू नको, चिंच नको, टोमॅटो नको, कडधान्य नको. या मनाईला आधार नाही. उलट दहीदूध बंद केलेल्या आणि कॉर्टिझोनच्या जातीचे स्टेरॉइड घेत असलेल्या स्त्रीची हाडे दुहेरी मार खातात. धूम्रपान मात्र खरोखरच घातक. त्याने रोग होण्याचा धोका वाढतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. घरातील पुरुषाला हे सांगितले, तर तो दह्याच्या वाटीकडे बोट दाखवितो.

स्त्रियांच्या बाबतीत एक प्रसंग विशेष सावधगिरीचा असतो, तो बाळंतपणानंतरचा. हेंचला दिसले तसे गरोदरपणी अनेकींचे सांधे सुखावतात. पण बाळ झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत रोग बहुधा परततो, आणि नेमके त्याच वेळी तान्ह्याला उचलणे, न्हाऊ घालणे, रात्रीची जागरणे यांनी हात आधीच शिणलेले असतात. माहेरची मंडळी त्याला ‘बाळंतवात’ म्हणून शेक-शेगडीत घालतात आणि दोन महिने हातचे निघून जातात. मूल हवे असल्यास मेथोट्रेक्सेट गर्भधारणेच्या काही महिने आधीच थांबवावे लागते. गर्भाला ते घातक आहे. त्याऐवजी चालणारी औषधे आहेत, परंतु हा बेत डॉक्टरांना आधी सांगितला तरच त्यांची योजना करता येते.

या सर्व भयाचा व्यापार करणारे लोकही आहेत. ‘तीन महिन्यांत संधिवात मुळापासून’ अशी पाटी लावून काळसर गोळ्या किंवा कागदी पुड्या देणाऱ्यांकडे रुग्ण जातो. चौथ्या दिवशी सूज उतरते, आणि त्याची श्रद्धा पक्की होते. अशा निनावी पुड्यांची रासायनिक तपासणी झाली असता त्यांत स्टेरॉइड आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. १९४८ च्या त्या सुईचेच हे छुपे रूप. पुढे चेहरा सुजतो, साखर चढते, आणि पुडी अचानक बंद केली तर शरीराला स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याची सवय सुटलेली असल्यामुळे माणूस कोसळूही शकतो. वेष्टनावर घटकद्रव्ये, तुकडीचा क्रमांक आणि कंपनीचे नाव नाही, असे औषध, मग ते कोणत्याही पद्धतीचे असो, तोंडात घालू नये. सुंठीच्या लेपाला किंवा तेलाच्या मालिशीला कोणाचीच हरकत नाही. त्याने आराम वाटतो, एवढेच त्याचे काम.

ज्याचा रोग तूर्त शांत आहे, त्याने आपली जुनी फाइल एकदा उघडून पाहावी. निदान कोणत्या साली झाले, कोणते सांधे धरले होते, कोणती औषधे लागू पडली, कोणत्या औषधाने त्रास झाला, हे एका कागदावर उतरवून तो कागद फाइलच्या पहिल्या पानाशी लावावा. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी हा दस्तऐवज बोलतो. दुखणे सुरू झाले तर सुजलेल्या हाताचे, शक्यतो सकाळचे, छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवावे, कारण दवाखान्यात दुपारी बाराला नंबर लागेपर्यंत सूज अर्धी उतरलेली असते आणि डॉक्टरांना दाखवायला हातात काही उरत नाही. दोन-तीन आठवडे सूज आणि सकाळचा आखडलेपणा हटला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता भेट मागावी. रक्त, यकृत व मूत्रपिंडाच्या ठरलेल्या तपासण्या, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचे दुसरे औषध चालू असेल तर डोळ्यांची तपासणी, या बरे वाटत असतानाही चुकवू नयेत. आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवावा: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि चुकून रोज घेतली गेल्याने तोंड येणे, रक्तातील पेशी घटणे येथपासून मृत्यूपर्यंत प्रसंग ओढवलेले आहेत.